डॉक्टर का व्हायचे आहे?

‘डॉक्टर का व्हायचे आहे?’ हा प्रश्न आपल्याकडे प्रवेशाच्या वेळी सहसा कोणी विचारत नाही. नीटचे गुण आणि समुपदेशनाच्या फेऱ्या यांवर एमबीबीएसची जागा ठरते. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय मात्र याला अपवाद आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत नीटनंतर निवडक उमेदवारांना बोलावून इंग्रजी व तर्कशक्तीची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि ५० गुणांची मुलाखत घेतली जाते.

‘मला समाजाची सेवा करायची आहे,’ हे ठरलेले उत्तर. ते खोटे असते असे नाही. पण ते कोणाचेही असू शकते. सेवाच करायची तर शिक्षक का नको, परिचर्या का नको, एवढे विचारले की पाठांतर संपते. त्यापेक्षा आजोबांच्या आजारपणात रुग्णालयात काढलेल्या रात्री अधिक उपयोगी पडतात. डॉक्टरांनी वाईट बातमी नातेवाइकांना कशी सांगितली, त्यानंतर ते कोणत्या खाटेकडे वळले, हे ज्याने पाहिले त्याला शब्द शोधावे लागत नाहीत. आदर्श म्हणून सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव घ्यायचे, तर १९३८ मध्ये ते चीनला कशासाठी गेले आणि १९४२ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत त्यांनी तेथे काय केले, हेही ठाऊक हवे. चित्रपट पाहिला, एवढ्यावर भागत नाही.

पुण्यात प्रश्न दुहेरी असतो: डॉक्टर का, आणि सैन्यातच का? शिक्षणाचा खर्च सरकार करते. त्याबदल्यात पदवीनंतर सेनादलात सेवा बंधनकारक असते. अल्पकालीन कमिशन मिळाले तरी ती सात वर्षांची. नाकारल्यास करारनाम्याप्रमाणे मोठी रक्कम भरावी लागते. शुल्क वाचते हा विचार गैर नाही, व्यापारी घरात तर तो आधी येणारच. परंतु दूरच्या सीमेवरील नेमणूक, वरचेवर होणाऱ्या बदल्या आणि गावात दवाखाना काढण्याचे लांबणीवर पडणारे स्वप्न यांची चर्चा पुष्कळ घरांत निवड झाल्यानंतर सुरू होते. ती मुलाखतीपूर्वी व्हावी, कारण खरी तयारी तीच.

वडिलांनी समोर बसून प्रश्न अवश्य विचारावेत, उत्तरे मात्र सुचवू नयेत. आणि मुलाच्या तोंडून ‘मला सैन्यात जायचे नाही’ असे आले, तर समुपदेशनाच्या इतर फेऱ्या शिल्लक आहेत तोवरच ते ऐकून घेतलेले बरे.