रमाबाई, पण कोणाच्या?

‘रमाबाई’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे कोण उभे राहते, हे तो कोणत्या घरात वाढला त्यावर ठरते. ‘स्वामी’ कादंबरीची पारायणे झालेल्या घरात थेऊर आठवते, 1772 साली थोरल्या माधवरावांबरोबर सती गेलेली रमा आठवते. पुण्यात सेवासदनात शिकलेल्या आजीला रानड्यांच्या रमाबाई आठवतात, केडगाव भागात मुक्ती मिशनच्या पंडिता. आणि असंख्य वस्त्यांत भिंतीवरच्या तसबिरीतली माता रमाई.

हे नाव इतके का आढळते, याचे एक कारण आपल्या लग्नमांडवात आहे. तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहायचे, तेही नवऱ्याच्या नावाशी जोडी जुळेल असे. रमा म्हणजे लक्ष्मी, माधव म्हणजे विष्णू. पेशव्यांच्या रमाबाईंचे पती माधवराव आणि रानड्यांच्या रमाबाईंचे पतीही महादेव ऊर्फ माधवराव. रानड्यांकडे आली ती मुलगी मुळात यमुना कुर्लेकर, सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावची. 1873 साली, अकराव्या वर्षी, बत्तिशीला टेकलेल्या बिजवराशी तिचे लग्न झाले आणि यमुना संपून रमा सुरू झाली.

पंडिता रमाबाईंचे मात्र तसे नव्हते. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी 1858 साली जन्मलेल्या मुलीचे नाव रमा ठेवले आणि ते शेवटपर्यंत टिकले. 1880 साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले, तेव्हाही ते पुसायला कोणी आले नाही. त्याआधीच, 1878 साली, कलकत्त्याच्या विद्वानांनी संस्कृतातली गती पाहून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले होते. बाईच्या नावाआधी तिच्या विद्येचा शब्द लागणे ही त्या काळात केवढी गोष्ट होती! मुलीचे नाव त्यांनी मनोरमा ठेवले. त्यात आईचे नावही आहेच.

1882 साली पतीच्या निधनानंतर तान्ह्या मनोरमेला घेऊन पंडिता पुण्यात आल्या आणि दोन रमाबाईंची गाठ पडली. एक चालतीबोलती संस्कृत पोथी, देशभर पायी हिंडलेली, भर सभेत बोलणारी. दुसरी न्यायाधीशाच्या घरातली सून, जिला नवरा शिकवी आणि त्यापायी घरातल्या वडीलधाऱ्या बायका बोल लावीत. पंडिताबाईंच्या व्याख्यानाला जायचे म्हटले तरी घरात वादळ उठे. तरी ती गेली. आर्य महिला समाजात दोघी होत्या, मिस हरफर्ड यांच्याकडे इंग्रजीही शिकल्या. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे पंडितांनी साक्ष दिली आणि स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हवेत, असे ठणकावून मांडले.

पुढे वाटा फुटल्या. पंडिता 1883 साली इंग्लंडला गेल्या, तिथे ख्रिस्ती झाल्या. 1889 साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. धर्मांतराच्या वादात 1893 साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुण्याने त्या वेळी पंडितांना फार एकटे पाडले, असे माझे मत आहे. त्याच सदनात शिकलेली बालविधवा गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाली. पुन्हा नवे नाव! रानड्यांच्या रमाबाईंनी पतीच्या मृत्यूनंतर, 1909 साली, पुण्यात सेवासदन उभे केले.

रमाई आंबेडकरांकडे ना पदवी होती, ना संस्था, ना स्वतःचे पुस्तक. 1898 साली दापोलीजवळच्या वणंदला जन्म, आईवडिलांवाचून बालपण, 1906 साली भायखळ्याच्या बाजारात रात्री लागलेले लग्न. नवरा परदेशात शिकत असताना त्यांनी संसार ओढला. पाच मुलांपैकी चार हातची गेली, यशवंत तेवढे उरले. 27 मे 1935 रोजी राजगृहात त्यांनी डोळे मिटले. ‘रमाई’ हे नाव त्यांना लोकांनी दिले. घरात बाबासाहेब त्यांना ‘रामू’ म्हणत.

रानड्यांच्या रमाबाईंच्या आठवणी 1910 साली पुस्तकरूपाने आल्या आणि आजही वाचायला मिळतात. त्या जरूर वाचा. पाने उलटताना यमुना कुर्लेकरलाही शोधा. आणि बाबासाहेबांचे पाकिस्तानवरचे 1940 चे पुस्तक हाती आले, तर आधी अर्पणपत्रिका उघडा. ते पुस्तक त्यांनी रामूच्या स्मृतीला वाहिले आहे.