कॉम्प्युटर जुना झाला, म्हणून टाकायचा का?

रजब महिन्यातल्या एका रात्री इशाची नमाज पढून घरी आलो, तर मुलगी कॉम्प्युटरसमोर रडवेली होऊन बसली होती. आदल्या दिवसापासून स्क्रीनवर रंगीत ठिपके आणि आडव्या रेषा दिसत होत्या. आता स्क्रीन पूर्ण काळी. पंखे फिरत होते, आतून एक लांब आणि दोन आखूड 'बीप' येत होते, पण चित्र नाही. ती डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टची ड्रॉइंग्ज आठ दिवसांत द्यायची होती आणि ती सगळी त्याच डब्यात अडकली होती.

आम्ही बेटेगावात राहतो. घरात एकच पगार, तोही तारापूर एमआयडीसीतल्या शिफ्ट ड्युटीचा. जवळच्या एका दुकानदाराने फोनवरच निकाल देऊन टाकला, "दहा-बारा वर्षांचा आहे ना? नवीनच घ्या, हप्त्याने देतो." हिशेब विचारला, तर हप्त्यात व्याज निघाले. बायको म्हणाली, "सूद भरून घरात इल्म आणायचा का? आणि भिशीचे पैसे तर रमजानसाठी ठेवलेत." मुलगी काही बोलली नाही. तिचे गप्प बसणे मला जास्त लागले.

शेवटी भाच्याला फोन लावला. तो कॉम्प्युटर दुरुस्तीचे काम करतो. त्याने पहिली गोष्ट सांगितली, "मामू, घाबरू नका. ड्रॉइंग्ज हार्ड डिस्कमध्ये असतात, ग्राफिक्स कार्डात नाही. ती शाबूत असणार." अर्धी चिंता तिथेच मिटली.

ग्राफिक्स कार्डाचे काम स्क्रीनवर चित्र पाठवण्याचे. बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये हे काम प्रोसेसरच करतो. तिथे कार्ड बिघडले तरी ते काढून, मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या सॉकेटात लावली की चित्र येते. टायपिंग, फॉर्म भरणे, ऑनलाइन तास यासाठी तेवढे पुरते. एक रुपयाही लागत नाही, म्हणून हे आधी करून पाहावे. आमच्या प्रोसेसरमध्ये ती सोय नव्हती. तेव्हा कार्ड लागणारच होते.

त्याआधी भाच्याने आणखी एक तपासणी करायला लावली. प्लग काढला, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ दिली, हात डब्याच्या लोखंडाला लावला, मग झाकण उघडले. अंगातली स्थिर वीज नाजूक भाग जाळू शकते. आत धुळीचा थर होता आणि कार्डाचा पंखा जाम झाला होता. उष्णतेनेच ते गेले असावे. स्क्रू सोडवला, स्लॉटची क्लिप दाबली आणि कार्ड काढले. त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या, रॅमच्याही पुसल्या. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. आमचे झाले नाही. शेजारच्या मुलाने कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा व्हिडिओ दाखवला. तो उपाय टिकत नाही, आणि ज्या ओव्हनमध्ये रोटी शेकायची त्यात असा विषारी धूर नको.

आता कार्ड कोणते घ्यायचे? चार गोष्टी कागदावर लिहून घेतल्या. पहिली, स्लॉट. पीसीआय एक्सप्रेस असेल तर नवे कार्डही साधारणपणे जुन्या स्लॉटात चालते, मात्र फार जुन्या बोर्डावर काही नवी कार्डे सुरू होत नाहीत. दुसरी, वीज. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर द्यावी लागते, आणि जुन्या एसएमपीएसवर एवढा भार टाकू नये. २०१६ साली आलेले जीटी ७१० हे साधे कार्ड १९ वॅटवर चालते, २०१७ चे जीटी १०३० सुमारे ३० वॅटवर. तिसरी, जागा. डबा अरुंद असेल तर बुटके कार्ड लागते. चौथी, मॉनिटरची केबल. आमचा मॉनिटर जुना, व्हीजीएचा. जीटी १०३० वर बहुधा व्हीजीए नसते, मग कन्व्हर्टरचा खर्च वाढतो.

सुट्टीच्या दिवशी बोईसरहून सकाळची गाडी पकडून बापलेक ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडला गेलो. पहिल्या दुकानात मोठे कार्ड गळ्यात मारायचा प्रयत्न झाला. मुलीने कागद पुढे केला, "अब्बा, याला वेगळी वायर लागते. आपल्याला चालणार नाही." दुसऱ्या दुकानात व्हीजीए असलेले जीटी ७१० मिळाले. जुने होते, पण त्यांनी चालू करून दाखवले, लेखी वॉरंटीसह बिल दिले. सेकंडहँड वस्तू या दोन गोष्टींशिवाय घेऊ नये. बिल हातात असेल तर तक्रार करता येते. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

घरी आल्यावर मुलीनेच कार्ड बसवले. क्लिपचा 'टक्' आवाज आला, स्क्रू घट्ट केला, बटण दाबले. स्क्रीन उजळली तेव्हा तिची अम्मी स्वयंपाकघरातून "अलहम्दुलिल्लाह" म्हणाली. ड्रॉइंग्ज जागेवर होती. मुलीने आधी ती पेन ड्राइव्हवर उतरवली, मग कंपनीच्या वेबसाइटवरून ड्रायव्हर टाकला.

जुन्या यंत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला आणि आमच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे बँकेचे व्यवहार आम्ही त्यावर करत नाही. ड्रॉइंगपुरता तो ठेवला आहे. फक्त अभ्यास आणि टायपिंगची गरज असेल, तर मोफत मिळणारे लिनक्स मिंट टाकता येते. आणि मदरबोर्ड किंवा एसएमपीएसही कुरकुरत असेल, तर पैसे घालत बसू नये; तीही फिजूलखर्चीच.

जळके कार्ड आम्ही भंगारात दिले नाही. तिथे अशा वस्तू जाळून तांबे काढतात आणि तो धूर कुणाच्या तरी मुलांच्या छातीत जातो. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यायला ते बाजूला ठेवले आहे.

ड्रॉइंग्ज वेळेत गेली. भिशीचे पैसे रमजानसाठी शाबूत राहिले. आता दर महिन्याला जुम्याच्या सुट्टीत मुलगी मऊ ब्रशने डब्यातली धूळ काढते आणि धाकट्या भावाला कोणता भाग काय करतो ते सांगते. इसराफ करू नये, हे आपण मुलांना तोंडाने पुष्कळदा सांगतो. या वेळी ते माझ्या मुलीने हाताने करून शिकले.