झोपेच्या गोळीचा हिशेब

अंतरवाली सराटीसारख्या गावातील एखाद्या प्रौढ गृहस्थाची झोप महिनोन्‌महिने उडाली, तर त्याने जावे कोठे? अंबडला, फार तर जालन्याला. आणि परतताना बहुधा खिशात गोळ्यांची पट्टी असते. या पट्टीचे मोल रुपयांखेरीज आणखी कशात चुकवावे लागते, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो.

एके काळी बार्बिट्युरेट हेच निद्रानाशावरील प्रमुख औषध होते. मात्रा चुकली की प्राणावर बेतत असे. १९६० नंतर आलेली डायझेपाम, नायट्राझेपाम आदी बेंझोडायझेपिन गटातील औषधे तुलनेने निर्धोक ठरली. परंतु त्यांची सवय जडते, आणि वृद्धांचा तोल जाऊन हाडे मोडण्याचे भय वाढते. त्यांच्यानंतरचे झोल्पिडेमही निर्दोष नाही. झोपेत चालणे, वाहन हाकणे अशा प्रकारांमुळे अमेरिकी औषध प्रशासनाने २०१९ साली त्यावर ठळक इशारा छापणे सक्तीचे केले.

मग सर्वांत चांगली गोळी कोणती? ‘लॅन्सेट’ने २०२२ साली १५४ चाचण्यांतील ४४,०८९ व्यक्तींच्या माहितीवरून ३० उपचारांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात एस्झोपिक्लोन व लेम्बोरेक्झंट यांचे पारडे जड ठरले. तथापि पहिल्याचे दुष्परिणाम लक्षणीय आणि दुसऱ्याच्या सुरक्षिततेचा पुरावा अपुरा. मेलाटोनिनचा म्हणण्यासारखा लाभ दिसला नाही. बेंझोडायझेपिने थोड्या दिवसांपुरती गुण देतात. दीर्घकाळाची ग्वाही मात्र मिळत नाही.

म्हणूनच अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१६ साली जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळी नव्हे, तर सवयी व विचार बदलण्याची शिस्तबद्ध पद्धती सुचविली. रोज ठरल्या वेळी उठावे, झोप आल्यावरच अंथरुणावर जावे, झोप येत नसल्यास उठून बसावे, अंथरुणातील वेळ मोजका ठेवावा, हे तिचे मुख्य नियम. पण ते धीराने शिकविणारा माणूस तालुक्याच्या गावी किती जणांना भेटतो?

आपल्याकडे २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे अनुसूची एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवावीच लागते. कायदा योग्यच आहे. परंतु केवळ दार बंद करून भागत नाही, दुसरे उघडावेही लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांना ही पद्धती शिकविणे हे ते दुसरे दार होय. तोवर एक पथ्य प्रत्येकाने पाळावे: वर्षानुवर्षांची गोळी एकाएकी सोडू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी.