वीरगळांची उपेक्षा

बारामती तालुक्यांतील लोणी भापकर येथें मल्लिकार्जुनाचें देवालय, पुष्करिणी व यज्ञवराह पाहावयास लोक जातात. पण देवळांच्या परिसरांतील वीरगळांकडे कितीजणांचें लक्ष जातें? तळाशीं रणांत पडलेला वीर, मध्यें त्यास स्वर्गास नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर शिवलिंगाची पूजा; ज्या कुळांपाशीं लेखणी नव्हती त्यांची ही दगडांतील बखर होय. गांवोगांव तिची कोणी पायरी करतो, कोणी तीस शेंदूर फासतो.

१९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा सरकारनें जाहीर केलेल्या स्थळांनाच लागू पडतो. बाकीच्यांचे रक्षक आपणच. रायगडावरील शिवछत्रपतींची समाधिही अशीच उपेक्षित पडली होती. लोकमान्यांनीं १८९५ सालीं वर्गणीची चळवळ उभारली, तेव्हां कोठें १९२६ सालीं तिचा जीर्णोद्धार झाला.

वीरगळांस एवढा खर्चहि नको. प्रत्येक कुळानें तेराव्याची एक पंगत कमी करावी. त्या पैशांत पुरातत्त्व खात्याच्या सल्ल्यानें दगड स्वच्छ करून ओट्यावर उभे करावे व प्रत्येकाची नोंद ठेवावी. सिमेंट व तैलरंग मात्र दूर ठेवावे. पूर्वजांच्या नांवानें जेवणें सोपें आहे. त्यांचा दगड उभा ठेवणें हेंच खरें श्राद्ध!