जुनी कंपनी, नवी ईव्ही : गाडी विकायची की आपली भीती विकत घ्यायची?

ज्यांनी हेडफोन लावून हा भाग ऐकलाय त्यांचं आणि ज्यांना मीटिंग चालू असताना गुपचूप वाचायचाय त्यांचंही स्वागत. हा आजच्या भागाचा लिखित अवतार. बोलताना होणारा फापटपसारा थोडा कमी केलाय, बाकी तेच.

गेले काही महिने एकच प्रश्न फिरून फिरून येतोय : "पहिली गाडी घेतोय, ईव्ही घेऊ का?" आज याचं हो किंवा नाही असं उत्तर देणार नाही. आज आपण टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसून बघू. वर्षानुवर्षं पेट्रोल-डिझेलच्या गाड्या विकणारी कंपनी ईव्ही विकायला उतरते, तेव्हा ती नेमकं काय डोकं लावते? ते कळलं की शोरूममध्ये आपण जरा ताठ मानेनं बसतो. सात वर्षांचं कर्ज डोक्यावर घ्यायचं तर एवढा गृहपाठ हवाच.

आधी मुद्दा सांगून टाकतो

ईव्ही घेणाऱ्याला साधारण चार गोष्टींची धास्ती असते. रस्त्यात चार्जिंग संपलं तर? बॅटरी गेली तर? रोज चार्ज कुठे करायची? आणि पाच वर्षांनी विकायला काढली तर घेणार कोण?

डिझाइन, जाहिरात, टचस्क्रीन हे सगळं नंतर येतं. जुन्या कंपनीची खरी मार्केटिंग स्ट्रॅटेजी म्हणजे या चारपैकी कोणती भीती ग्राहकाच्या डोक्यावरून उचलून स्वतःच्या हिशेबात घ्यायची, आणि कोणती त्याच्याकडेच ठेवायची, हे ठरवणं. आता ही उचलाउचली आपल्याकडे कशी झाली ते पाहू.

जुन्या कंपनीचं दुखणं वेगळं असतं

टेस्ला फक्त इलेक्ट्रिक गाड्या विकते. "पेट्रोलचा जमाना गेला" असं तिला बिनधास्त म्हणता येतं. टाटाला ते म्हणता येत नाही, कारण त्याच शोरूममध्ये शेजारी पेट्रोलची नेक्सॉन उभी आहे. स्वतःच्याच गाडीला नावं कशी ठेवणार?

दुसरं, डीलर. ईव्हीला इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, क्लच प्लेट नाही. म्हणजे सर्व्हिसिंगची कमाई कमी. सेल्समनला कंपनीनं कितीही ट्रेनिंग दिलं तरी त्याला जी गाडी विकणं सोपं, तिकडेच तो तुम्हाला वळवणार. त्यामुळे जुन्या कंपनीला पहिलं मार्केटिंग स्वतःच्या डीलरपाशी करावं लागतं.

आयटीवाल्यांना हे लगेच कळेल. चालू सिस्टिम बंद न करता नवीन सिस्टिमवर मायग्रेशन करायचंय, आणि जुन्या युजरला धक्काही लागू द्यायचा नाही. असं ते प्रकरण आहे.

टाटाचा पहिला डाव : ओळखीचा चेहरा

२०१७ मध्ये ईईएसएल या सरकारी कंपनीनं १०,००० इलेक्ट्रिक गाड्यांचं टेंडर काढलं आणि त्यात टाटाची टिगोर निवडली गेली. सरकारी ऑफिसची गाडी ठरलेल्या रस्त्यावर फिरते आणि रात्री ऑफिसातच उभी राहते. रेंज आणि चार्जिंग या दोन्ही चिंता तिथे आपोआप कमी. आपल्या भाषेत, बीटा टेस्टिंग.

मग जानेवारी २०२० मध्ये घरगुती ग्राहकासाठी नेक्सॉन ईव्ही आली, १३.९९ लाखांपासून. इथे कंपनीनं नवीन, अंतराळयानासारखी दिसणारी गाडी काढली नाही. पुण्याजवळ रांजणगावात बनणारी, रस्त्यावर सगळ्यांनी पाहिलेली नेक्सॉनच इलेक्ट्रिक केली. २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी हीच. म्हणजे "गाडी मजबूत आहे का?" हा प्रश्न आधीच निकालात निघालेला.

आणि बॅटरीवर वॉरंटी दिली आठ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर. आता हा आठचा आकडा बघा. गाडीचं कर्ज आपल्याकडे साधारण पाच ते सात वर्षांचं असतं. म्हणजे शेवटचा ईएमआय जाईपर्यंत बॅटरीची काळजी कंपनीची. महिन्याचा हिशेब करणाऱ्या माणसाला एवढा एक आकडा दहा जाहिरातींपेक्षा जास्त सांगतो.

सरकारनंही हात दिला. ऑगस्ट २०१९ पासून ईव्हीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. घरी चार्जर बसवायला आणि रस्त्यावर चार्जर उभे करायला टाटा पॉवर होतीच. एकाच घराण्यात गाडी आणि वीज दोन्ही असणं ही सोय प्रत्येक कंपनीकडे नसते.

२०२२ मध्ये टियागो ईव्ही आली तेव्हा ८.४९ लाखांची सुरुवातीची किंमत पहिल्या १०,००० ग्राहकांसाठी होती, आणि त्यातल्या २,००० गाड्या आधीपासून टाटाची ईव्ही वापरणाऱ्यांसाठी राखीव. ज्याची भीती गेलीय, तोच शेजाऱ्याला पटवतो. असा माणूस कुठल्याही होर्डिंगपेक्षा भारी.

रेंज : मोठा आकडा कसा अंगाशी येतो

पहिल्या नेक्सॉन ईव्हीची प्रमाणित रेंज होती ३१२ किलोमीटर. ही रेंज लॅबमध्ये मोजतात. गाडी रोलरवर, वेग ठरलेला, एसी बंद. तुम्ही एसी लावून, चार माणसं घेऊन, एक्स्प्रेसवेवर १०० च्या वेगानं गेलात की आकडा खाली येणारच. पेट्रोल गाडीचं मायलेजही असंच कमी भरतं, पण पेट्रोल पंप जागोजागी असल्यामुळे आपण त्यावर भांडत बसत नाही.

मार्च २०२१ मध्ये दिल्ली सरकारनं नेक्सॉन ईव्हीची सबसिडी थांबवली. कारण, जाहीर केलेली रेंज मिळत नाही अशी ग्राहकाची तक्रार. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली आणि त्या आदेशाला स्थगिती मिळाली. आकडा नियमानुसारच काढलेला होता. पण ग्राहक नियमावर गाडी चालवत नाही, रस्त्यावर चालवतो.

पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीनं नेक्सॉन ईव्ही काश्मीर ते कन्याकुमारी अशी चार हजार किलोमीटर पळवली, चार दिवसांच्या आत, वाटेतल्या सार्वजनिक चार्जरवर चार्ज करत. गाडी एका दमात किती जाते याचा तो पुरावा नव्हताच. वाटेत चार्जर आहेत, एवढंच त्यातून दाखवायचं होतं, आणि ते दाखवलं.

मला सगळ्यात हुशार वाटते ती २०२४ मधली चाल. कर्व्ह ईव्हीच्या मोठ्या बॅटरीची प्रमाणित रेंज ५८५ किलोमीटर. पण कंपनीनं सोबत "सी७५" नावाचा आकडा दिला : ४०० ते ४२५. म्हणजे ७५ टक्के ग्राहकांना प्रत्यक्ष रस्त्यावर एवढी रेंज मिळेल असा कंपनीचाच अंदाज. स्वतःहून दीडशे किलोमीटर कमी सांगायचे! वरवर वेडेपणा वाटेल, पण ४०० सांगून ४१० मिळाले की माणूस खूश होतो, ५८५ सांगून ४१० मिळाले की तो तक्रार लिहायला बसतो. गाडी तीच.

आणि मग विंडसरनं खेळ बदलला

सप्टेंबर २०२४ मध्ये जेएसडब्ल्यू एमजीनं विंडसर आणली. किंमत ९.९९ लाख, पण बॅटरी सोडून. बॅटरीचे पैसे वापराल तसे, किलोमीटरला साडेतीन रुपये. बॅटरीसकट हवी तर १३.५० लाखांपासून.

आता गणित करू. दोन किमतींमधला फरक साधारण साडेतीन लाख. साडेतीन रुपयांनी भागलं की एक लाख किलोमीटर. म्हणजे लाखभर किलोमीटरनंतर दोन्ही हिशेब जवळपास एकाच ठिकाणी येतात, वरचा चार्जिंगचा खर्च दोन्हीकडे सारखाच. बॅटरी फुकट मिळाली नाही, तिचं बिल पुढे ढकललं गेलं. पण "दहा लाखांच्या आत ईव्ही" या एका ओळीनं लोक शोरूममध्ये आले, आणि विंडसर काही महिने देशातली सर्वाधिक विकली जाणारी इलेक्ट्रिक कार राहिली. बॅटरीवर पहिल्या मालकाला लाइफटाइम वॉरंटीही दिली.

एकेकाळी देशातल्या इलेक्ट्रिक कारमध्ये टाटाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर होता, तो २०२४-२५ मध्ये साधारण ५५ टक्क्यांवर आला. माझ्या मते टाटानं रेंजच्या भीतीवर उत्तर शोधलं तोवर ग्राहकाची भीती पुढे सरकली होती. आता त्याला बॅटरीची किंमत छळत होती.

महिंद्रानं तिसरा रस्ता धरला. २०१० मध्ये रेवा कंपनी घेतली, २०१३ मध्ये ई२ओ आणली, २०२३ मध्ये ओळखीच्या चेहऱ्याची एक्सयूव्ही४००. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये चाकणला बनणाऱ्या बीई ६ई आणि एक्सईव्ही ९ई अशा दोन नव्या गाड्या दाखवल्या. इंडिगोनं "६ई" वर हरकत घेतली आणि पहिलीचं नाव नुसतं "बीई ६" झालं. यांनीही पहिल्या मालकाला बॅटरीची लाइफटाइम वॉरंटी दिली. १४ फेब्रुवारी २०२५ ला बुकिंग उघडलं, पहिल्याच दिवशी ३०,१७९ बुकिंग. मग जून २०२५ मध्ये टाटानं हॅरियर ईव्हीवर लाइफटाइम वॉरंटी दिली.

बघा, २०२० मध्ये आठ वर्षांची हमी पुरत होती. पाच वर्षांत ती "लाइफटाइम" झाली. कंपन्या एकमेकांशी आपल्या भीतीची बोली लावतायत, आणि त्यात फायदा आपला आहे. बारीक अक्षरं वाचली तर.

शोरूममध्ये विचारायचे चार प्रश्न

१. लाइफटाइम म्हणजे किती वर्षं? आणि गाडी विकली तर दुसऱ्या मालकाला काय मिळतं? पहिल्या मालकापुरती हमी असेल, तर विकताना ती तुमच्याबरोबरच संपते. रिसेलची भीती कंपनीनं अजून तुमच्याकडेच ठेवलीय.

२. रस्त्यावरची रेंज किती? प्रमाणित आकडा ऐकून घ्या, पण टेस्ट ड्राइव्ह एसी लावून, हायवेवर घ्या.

३. बॅटरी भाड्यानं असेल तर महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे द्यायचेत? समजा अट १,५०० ची आहे आणि तुम्ही ७०० च फिरता, तर उरलेल्या ८०० चे पैसे न फिरता जाणार.

४. घरचा चार्जर बसवून कोण देणार, आणि सोसायटीनं अडवलं तर? ही चौथी भीती एकाही कंपनीनं पूर्णपणे उचललेली नाही. कमिटीची परवानगी, पार्किंगपर्यंतची वायर, मीटर हे सगळं अजून आपल्यालाच निस्तरायचंय. म्हणून बुकिंगच्या आधी सेक्रेटरी काकांना भेटा. टोकन अमाउंट नंतर.

पहिली गाडी घेणाऱ्या मित्राला मी एवढंच सांगेन : ब्रोशर उलटं वाच. कंपनी कशाची हमी देते त्याखाली एक रेघ मार, आणि कशाबद्दल गप्प बसते ते शेजारी लिही. ती दुसरी यादी तुझ्या खर्चाची. ती परवडत असेल तर घे बिनधास्त.

तुमच्या सोसायटीत चार्जरवरून काय रामायण झालं ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोवर, फोन चार्ज करा आणि भेटत राहा!