वर कोण, खाली कोण?
गोविंदांच्या थरांमागचे गणित

गोपाळकाल्याच्या दिवशी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांत चौकाचौकांत हंड्या बांधलेल्या असतात. थर लागू लागले की बघणाऱ्यांच्या माना वर होतात आणि सगळ्यांचे डोळे शेवटच्या गोविंदावर खिळतात. विज्ञानाच्या शिक्षकाने मात्र नजर जरा खाली आणावी. मनोऱ्यात पन्नास-साठ माणसे आहेत. त्यांतला प्रत्येक जण नेमका त्याच जागी का उभा आहे? दुसऱ्या थरातल्या माणसाला चौथ्यात का घेतले नाही? हे प्रशिक्षक कसे ठरवतो?

ही निवड चिठ्ठ्या टाकून होत नाही, आणि मानपानावरही होत नाही. निदान होऊ नये. गुरुपौर्णिमेच्या सुमारास सराव सुरू होतो आणि पुढचे काही आठवडे माणसे या जागेवरून त्या जागेवर हलवून पाहिली जातात. प्रशिक्षकाने भौतिकशास्त्र शिकलेले असेलच असे नाही, पण त्याचे निर्णय भार, गुरुत्वमध्य आणि घर्षण यांच्या नियमांना धरूनच असतात. नसले तर थर कोसळतात. आठवी ते दहावीच्या वर्गात हे नियम शिकवताना याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण. शिवाय आपल्या वर्गातली काही मुले स्वतःच पथकात असतात.

आधी भिंत, मग मनोरा

सुरुवात सोप्या रचनेपासून करू या. शाळेच्या स्नेहसंमेलनात करतात तसा सपाट, त्रिकोणी मनोरा घ्या. वर एक, त्याखाली दोन, मग तीन, चार, पाच. सर्वांचे वजन सारखे आहे आणि प्रत्येक जण आपला सगळा भार खालच्या दोघांवर निम्मा-निम्मा टाकतो असे माना. एका माणसाचे वजन म्हणजे १ एकक.

दुसऱ्या ओळीतल्या प्रत्येकावर ०.५ एकक भार येतो. तिसऱ्या ओळीत कडेच्या दोघांवर ०.७५, तर मधल्यावर १.५. चौथ्या ओळीत कडेला ०.८७५ आणि मध्ये २.१२५. पाचव्या ओळीत कडेला ०.९४, त्याच्या शेजाऱ्यावर २.५ आणि मधल्या माणसावर ३.१२५. प्रत्येक ओळीची बेरीज करून पाहा. ती वरच्या सर्व माणसांच्या संख्येइतकी भरते. हा ताळा मुलांना करायला लावावा.

या आकड्यांत एक गंमत आहे. ओळी कितीही वाढवा, कडेच्या माणसावरचा भार १ एककाच्या वर कधीच जात नाही. मधल्याचा मात्र वाढतच जातो. म्हणजे ‘सगळा भार खालच्या ओळीवर’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे. त्याच ओळीत कडेची जागा आणि मधली जागा यांत तिपटीहून जास्त फरक पडतो. म्हणून मजबूत माणूस नुसता खाली असून भागत नाही, तो मध्ये असावा लागतो.

एक्क्यांचा हिशेब

दहीहंडीचा मनोरा भिंतीसारखा सपाट नसतो, गोल असतो. खाली माणसांचे मोठे कडे, वर लहान होत जाणारी कडी आणि शेवटी एकावर एक एकटा माणूस. एकट्या माणसाच्या या थराला पथकांच्या बोलीत ‘एक्का’ म्हणतात. सहा थरांचा एक काल्पनिक मनोरा घेऊ. वरून तीन एक्के, त्यांची वजने अनुक्रमे ३५, ४५ आणि ५५ किलो. त्यांच्याखाली ६० किलोचे तिघे, त्यांच्याखाली ६५ किलोचे तिघे आणि जमिनीवर ७५ किलोचे सहा जण. भार कड्यात सारखा वाटला जातो असे माना.

दुसऱ्या एक्क्यावर ३५ किलो भार येतो आणि तिसऱ्यावर ८०. चौथ्या थरात १३५ किलो तिघांत वाटले गेल्याने प्रत्येकावर फक्त ४५ किलो येतात. पाचव्या थरात प्रत्येकावर १०५ किलो आणि जमिनीवरच्या सहा जणांवर प्रत्येकी ८५ किलो.

सर्वांत जास्त भार सर्वांत खालच्यावर नाही, पाचव्या थरावर आहे! कडे जिथे अरुंद होते तिथे भार साचतो. तिसऱ्या एक्क्याची स्थितीही तशीच आहे. ५५ किलोचा माणूस स्वतःच्या जवळजवळ दीडपट भार पेलतो, तोही जमिनीपासून उंचावर, दुसऱ्यांच्या खांद्यांवर उभा राहून. जाणता प्रशिक्षक या जागांसाठी माणूस शोधण्यात सर्वाधिक वेळ घालवतो तो याचसाठी.

आता वरचा ३५ किलोचा गोविंदा बदलून ६० किलोचा घेऊ. वाढ २५ किलोची. दुसऱ्या एक्क्यावर आता ६०, तिसऱ्यावर १०५. तो आपल्या जवळजवळ दुप्पट भाराखाली येतो. खालच्या दोन्ही लहान कड्यांत प्रत्येकाचा भार आठ किलोंहून अधिक आणि जमिनीवरच्यांचा चार किलोंहून अधिक वाढतो. हेच २५ किलो जमिनीवरच्या एखाद्या माणसाचे वजन म्हणून वाढले, तर इतर कोणाच्याही खांद्यावर एक ग्रॅमही वाढत नाही. वरचे वजन सर्वांना मोजावे लागते, खालचे फक्त जमिनीला. जागावाटपाचा मुख्य नियम तो हाच.

सारखी उंची, सरळ गुडघे

वजनानंतर उंचीचा प्रश्न येतो. चार पायांच्या टेबलाचा एक पाय आखूड असला की टेबल डगमगते आणि भार उरलेल्या पायांवर जातो. कड्यातही तसेच होते. एकाचा खांदा तीन-चार सेंटिमीटर खाली असला, तर वरचा थर त्या बाजूला कलतो. म्हणून एका थरातले गोविंदा खांद्यांच्या उंचीने जुळवून घेतात; डोक्याच्या नव्हे, खांद्यांच्या. रस्ता गटाराकडे उतरता असेल, तर उंचीने जुळलेले कडेही तिरके होते. त्यामुळे हंडीखालची जमीन पाहून माणसांची जागा फिरवावी लागते.

पाय कसे ठेवायचे हेही महत्त्वाचे. गुडघा सरळ असला की भार मांडी आणि नडगीच्या हाडांतून थेट खाली उतरतो. गुडघा वाकला की तोच भार स्नायूंना पेलावा लागतो आणि ते लवकर थकतात. वर्गात हे सहज दाखवता येते. पुस्तकांनी भरलेले दप्तर पाठीला लावून एक मिनिट ताठ उभे राहायला सांगा, मग तेवढाच वेळ गुडघे अर्धे वाकवून. फरक मुलांच्या चेहऱ्यावरच दिसेल. बऱ्याच रचनांत वरचे थर आधी उकिडवे बसतात आणि भार अंगावर आल्यावर उठतात. तो क्षण सर्वांत कठीण असतो. तिथे नुसते वजन पेलणारा माणूस चालत नाही, ते घेऊन सावकाश उठणारा लागतो.

अंबरनाथच्या शिवमंदिराकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असा काळ आहे. तिथेही वरचा भार खालच्या दगडांवर येतो आणि खाली उतरतो. पण दगड थकत नाही. माणसाचा स्नायू सतत ताणलेला राहिला की त्यातला रक्तपुरवठा कमी पडतो, मग पाय थरथरू लागतात. मंदिराला साडेनऊशे वर्षे उभे राहता येते, मनोऱ्याला काही मिनिटेच. म्हणून थर पटापट लागावे लागतात आणि आपली जागा चटकन घेणे हाही निवडीचा एक निकष ठरतो.

बाहेरची गर्दी काय करते?

पहिल्या थराभोवती हात लावून उभी असलेली माणसे बघणाऱ्याला बिनकामाची वाटतात. पण वरच्यांचे पाय अगदी उभे नसतात, थोडे फाकलेले असतात. त्यामुळे भाराचा काही भाग आडवा, बाहेरच्या दिशेने ढकलतो आणि कडे पसरू पाहते. बाहेरची माणसे वजन उचलत नाहीत, हा आडवा दाब अडवतात. दुसरे असे, की कोणी पडलाच तर तो जमिनीवर न पडता त्यांच्या हातांवर पडतो.

स्पेनच्या कातालुन्या प्रांतातही माणसांचे मनोरे रचण्याची जुनी परंपरा आहे. युनेस्कोने २०१० साली तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तिथे तळाच्या अशा गर्दीला ‘पिन्या’ असे खास नाव आहे आणि त्यातही प्रत्येकाची जागा आधी ठरलेली असते. अमेरिकेतल्या चीअरलीडिंगमध्ये तोलून धरणारे, वर जाणारी आणि पडणारीला झेलण्यासाठी मागे उभा असणारा अशा जागा वेगळ्या असतात. देश कोणताही असो, झेलणाऱ्याची जागा रिकामी ठेवून वरची जागा भरता येत नाही.

आपल्याकडे आणखी एक घटक असतो, तो म्हणजे पाऊस. श्रावणातली सर आणि बघ्यांनी मारलेले पाणी यांमुळे ओल्या खांद्यावर पाय ठरत नाही, घर्षण कमी होते. म्हणून सराव कोरड्या अंगणात चांगला झाला तरी प्रत्यक्ष दिवशी एखादा थर कमी लावणे शहाणपणाचे ठरते.

हलका म्हणजे लहान?

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. वरचे वजन कमीत कमी हवे, हे गणित सांगते. सर्वांत हलके कोण? लहान मूल. म्हणून वर्षानुवर्षे शेवटच्या थरावर मुलेच चढत आली.

पण दुसरे गणितही तितकेच खरे आहे. सहा मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीवर आदळताना तिचा वेग ताशी सुमारे ३९ किलोमीटर असतो, बारा मीटरवरून ५५. नववी-दहावीची मुले हे गतीच्या समीकरणाने स्वतः काढू शकतील. २०१२ साली ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थरांचा सुमारे १३.३ मीटरचा मनोरा रचून विक्रम केला. २०२५ मध्ये ठाण्यातच कोकण नगर पथकाने दहा थर लावले. थर वाढतात तसा धोका वाढतो, आणि तो सर्वांत हलक्याच्या वाट्याला सर्वांत जास्त येतो.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली वीस फुटांची आणि अठरा वर्षे वयाची मर्यादा घातली होती. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन परत आले. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीवर बंधन घातले नाही, मात्र चौदा वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ देणार नाही हे राज्य सरकारचे म्हणणे नोंदवून घेतले. २०२२ साली सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. तरीही २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहिसरला सरावाच्या वेळी थरावरून पडून अकरा वर्षांचा एक मुलगा दगावला. अकरा वर्षे म्हणजे पाचवी-सहावीतला मुलगा.

वर हलका गोविंदा हवा, हे निसर्गाचे नियम सांगतात. तो लहान मूलच असला पाहिजे असे ते सांगत नाहीत. वरच्या गोविंदाचे वजन ३५ ऐवजी ५० किलो धरून वरचा हिशेब पुन्हा करा आणि तिसऱ्या एक्क्यावरचा भार पूर्वीइतकाच, ८० किलो, ठेवायचा असेल तर काय करावे लागेल, हे मुलांना विचारा. उत्तरे दोनच निघतात. मधला एक्का ३० किलोचा शोधायचा, म्हणजे पुन्हा लहान मूलच आले. नाहीतर एक एक्का कमी करायचा. थर एक कमी, पण वर जाणारा मोठा आणि जाणता. किती थर लावायचे हे बक्षिसावरून न ठरवता उपलब्ध माणसांवरून ठरवणे, हीच प्रशिक्षकाची खरी परीक्षा आहे.

श्रावण लागण्याआधी हा पाठ वर्गात जरूर घ्यावा. पथकात जाणारी मुले आपल्याकडे आहेत. ‘तू हलका आहेस, वर चढ’ असे कोणी म्हटले, तर ‘माझ्याखाली किती जण आहेत, झेलायला कोण आहे आणि माझे वय किती आहे?’ हे तीन प्रश्न त्यांना विचारता आले पाहिजेत.