वेर्ण्याची स्टॉर्म, पुण्याची अवंती

स्पोर्ट्‌स कार म्हटली की नावं निघतात ती इटलीची, नाहीतर जर्मनीची. पण आपल्या आसपासही अशा दोन गाड्या तयार झाल्या. 1990च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या सॅन मोटर्सने गोव्यात वेर्ण्याला सॅन स्टॉर्म बांधली. पुढे मोटारींचे डिझायनर दिलीप छाब्रियांनी जानेवारी 2012मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत डीसी अवंती दाखवली आणि काही वर्षांनी पुण्याजवळ तिचं उत्पादन सुरू केलं. दोन्ही गाड्या दोन सीटच्या, दोन्हींची बॉडी पत्र्याची नाही, आणि दोन्हींत पेट्रोल इंजिन फ्रान्सच्या रेनोचं. जळगावची एमएच-19 किंवा धुळ्याची एमएच-18 पाटी लावून यातली एखादी रोज चालवायची झाली, तर कोणती घ्यावी?

मासिकाच्या पानावर हा सामना एकतर्फी आहे. अवंतीचं इंजिन दोन लिटरचं, टर्बो बसवलेलं, ताकद 250 हॉर्सपॉवरच्या जवळपास. ते सीटच्या पाठीमागे बसतं आणि मागची चाकं फिरवतं. स्टॉर्मच्या बॉनेटखाली 1149 सीसीचं इंजिन, जे युरोपात ट्विंगो आणि क्लिओ या साध्या घरगुती गाड्यांत असायचं. ताकद 60 हॉर्सपॉवर, आणि ती पुढच्या चाकांना. अवंतीची किंमतही 35 लाखांच्या आसपास होती. दिसायला तर ती अशी, की धुळ्यात पाचकंदीलला उभी केली तर गर्दी हटायची नाही.

पण रोज जायचंय जळगाव-धुळे रस्त्याने. बांभोरीचा गिरणा पूल, पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे असा हा नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. पूर्वी याला सहा नंबर म्हणायचे, आता तो राष्ट्रीय महामार्ग 53 झाला. तरसोद ते फागणे चौपदरीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं, आणि त्या काळात इथल्या माणसांनी काय सोसलं हे बाहेरच्याला कळायचं नाही. या रस्त्याचं खरं दुखणं मात्र डांबराच्या खाली आहे. काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भराव नीट केलेला नसेल तर वरचं डांबर तिच्याबरोबर हलतं आणि रस्त्याला लाटा येतात. त्यात रावेर-यावलकडचे केळीचे ट्रक आणि सुरतेकडे जाणारे लोडेड ट्रेलर मेच्या उन्हात मऊ पडलेल्या डांबरात चाकोऱ्या पाडतात.

अवंतीची चाकं 20 इंची आणि टायरची भिंत काही बोटांच्या रुंदीइतकी. रुंद टायर त्या चाकोरीत सापडला की स्टिअरिंग हाताला ओढ देतं आणि खड्ड्याचा दणका रबरात न जिरता थेट रिमला बसतो. एरंडोलच्या बाजूला रात्री रिम वाकला, तर त्या मापाचा रिम जवळपास मिळेल अशी आशा करू नये. छाब्रियांना न्याय द्यायला हवा: इथले गतिरोधक ओळखून त्यांनी गाडी जमिनीपासून 170 मिलिमीटर उंच ठेवली. इतक्या ताकदीच्या परदेशी स्पोर्ट्‌स कार याहून बऱ्याच खाली असतात. नियमाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. गावोगावी घातलेले उंचवटे पाहिले की त्या 170चं मोल कळतं.

तरी उंची फक्त पोटाला वाचवते. अवंतीत बसल्यावर डोळे ट्रकच्या टायरच्या वरच्या कडेला येतात, आणि मागचं फारसं दिसत नाही, कारण मागे इंजिन आहे. कपाशीच्या हंगामात संध्याकाळी बिनरिफ्लेक्टरची ट्रॅक्टर-ट्रॉली साइडपट्टीवरून एकदम रस्त्यावर येते. अशा वेळी पुढचं लांबवर आणि मागचं स्पष्ट दिसणं हेच सगळं असतं. शिवाय इथला मे 44-45 अंशांचा. टर्बोला थंड हवा लागते. ती मिळत नाही तेव्हा इंजिन मरगळतं, आणि पाठीमागची भट्टी केबिनलाही जाणवू लागते.

स्टॉर्मला यातलं बरंचसं नडत नाही. ती लहान आहे, हलकी आहे, इंजिन पुढे असल्याने मागचा रस्ता मोकळा दिसतो. फायबरची बॉडी गंजत नाही. ट्रकला ओव्हरटेक करायचं तर गिअर खाली टाकावा लागतो, इंजिन वर न्यावं लागतं, समोरच्याचा अंदाज घ्यावा लागतो. मला स्पोर्ट्‌स कारचं सुख वाटतं ते यातच. 2018च्या अधिसूचनेने चौपदरी महामार्गावर मोटारीला कमाल वेग दिला ताशी 100 किलोमीटर. स्टॉर्म तिथवर पोचताना आपली बहुतेक ताकद वापरते आणि चालवणाऱ्याला ते कळतं. अवंती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच तिथे पोचते. तिची उरलेली सगळी ताकद फागण्यापर्यंत नुसती वाहून न्यायची.

म्हणून माझं मत स्टॉर्मला. डिसेंबर-जानेवारीत हुडहुडी भरवणाऱ्या सकाळी टप उघडं टाकून पारोळ्याकडे जावं, अशी ती गाडी आहे. तिची अडचण वेगळी: ती फार थोडी विकली गेली, त्यामुळे काचा, दिवे, रबरी पट्ट्या हे सगळं शोधत फिरावं लागणार. टपाचं रबर सुकलेलं असेल तर जुलैत पाणी मांडीवर. घेताना पाण्याचा फवारा मारूनच बघावी.

आणि कुणाचं मन अवंतीवरच जडलं असेल, तर त्याने आधी कागद बघावेत. छाब्रियांना मुंबई पोलिसांनी डिसेंबर 2020मध्ये अटक केली ती एकाच गाडीची अनेक ठिकाणी नोंदणी आणि त्यावर कर्ज, या आरोपांवरून. सेकंडहँड अवंतीचा चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाकून वाचावा, आरसी बुकाशी ताडून पाहावा, आणि जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याचं पत्र हातात पडल्याशिवाय बयाणा देऊ नये.